फ्रीजच्या आडून निवडलेला टीव्ही

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर मी बसत नाही. आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ एक शब्द बोललेली नाही. ते समोरच्या खोलीत असले की मी मधल्या खोलीच्या दाराच्या अलीकडे असते. कुणी मला हे शिकवलं नाही, मी आले तेव्हा असंच होतं. मला काही सांगायचं असलं तर मी जाऊबाईंना सांगते आणि त्या जाऊन त्यांना सांगतात. त्या त्यांची बायको, त्यांना कसली अडचण. भासऱ्यांना मला काही कळवायचं असलं तर ते मोठ्यानं म्हणतात, "धाकटीले सांग." मी आतून सगळं ऐकलेलं असतं, तरी जाऊबाई आत येऊन तेच पुन्हा सांगतात.

मला हे कधी जड गेलं नाही. मी तशीही कमी बोलते. चौथीत शाळा सुटली, पण लिहायचं सुटलं नाही. घरात जुन्या वह्यांची कोरी पानं उरतात, त्यांच्यावर लिहिते आणि धान्याच्या कोठीमागे ठेवते. आपलं बोलणं दुसऱ्या कुणी नेऊन पोहोचवावं, हे उलट मला बरं वाटायचं.

आमच्या घरी टीव्ही मधल्या खोलीत होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्यासाठी तो आत आणला. त्या गेल्या आणि टीव्ही आतच राहिला. पुरुष मोबाईलवर पाहतात, त्यांना त्याची गरज वाटली नाही. मधल्या खोलीला खिडकी नाही, दिवसाही तिथे दिवा लावावा लागतो, पण दुपारी आम्ही दोघी दिवा लावत नव्हतो. वरवट बकालच्या बाजारासाठी भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या, आणि समोर टीव्ही. जाऊबाईंना मालिका आवडतात. मला समुद्राखालचे मासे दाखवतात ते आवडतं. आमचं ठरलेलं होतं, एक दिवस त्यांचं, एक दिवस माझं. माशांच्या दिवशी त्या म्हणायच्या, "यातल्या कोणत्या माशाची सासू वाईट हाय ते सांगजो मले," आणि मी हसून हसून शेंगा सांडायची. माझ्या बावीस वर्षांतलं सगळ्यात जास्त हसणं त्या अंधाऱ्या खोलीत झालं आहे.

मग त्या टीव्हीचं चित्र गेलं. आवाज राहिला. महिनाभर आम्ही टीव्ही ऐकला. तेवढ्यात भासऱ्यांनीच विषय काढला, की आता मोठाच घेऊ, पंचावन्न इंची, किमतीकडे पाहू नका, बायांना जो आवडेल तो.

मला पहिली काळजी जागेची. भासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते दिवसभर घरीच असतात, समोरच्या खोलीत, खाटेवर. टीव्ही तिथे गेला तर माझ्यासाठी तो गेलाच. मी जाऊबाईंना तेवढं विचारलं. त्या पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, "जागा हेच राहीन. बोलाचं माह्याकडे, पसंत तू कर. तुही नजर चांगली हाय." मी दोनदा विचारलं नाही. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं.

खामगावला गेलो तेव्हा आम्ही दोघी भाजीच्या पिकअपमध्ये पुढे बसलो, नवरा चालवत होता. भासरे पुतण्याच्या फटफटीवर मागून आले, कारण एका केबिनमध्ये मी आणि ते बसणार कसे. दुकान मोठं होतं. भासरे आणि माझा नवरा गल्ल्याजवळच्या खुर्च्यांवर चहा घेत बसले. मध्ये फ्रीजची एक रांग होती, दोन दारांचे उंच फ्रीज. मी त्यांच्या आड उभी राहिले. भिंतीवरचे टीव्ही तिथून दिसत होते आणि मी गल्ल्यावरून दिसत नव्हते. मला ती जागा आवडली.

दुकानातला माणूस बोलका होता. त्यानं आधी विचारलं, "टीव्ही लावणार कोणत्या खोलीत? ते सांगा, मग मी दाखवतो." जाऊबाई म्हणाल्या, आतल्या. तो म्हणाला, आत उजेड किती? त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी हळूच म्हणाले, खिडकी नाही. मग त्यानं दोन टीव्ही शेजारी शेजारी दाखवले. एक क्यूएलईडी, एक ओएलईडी. दोन्हींवर एकच चित्र लावलं, काळ्याभोर जागेवर डाळिंबाचे दाणे. नंतर कोपऱ्यातल्या ट्यूबलाईट बंद केल्या.

तेव्हा मला फरक दिसला. क्यूएलईडीचे रंग झगझगीत होते, दाणे अंगावर येत होते. पण त्याचा काळा रंग म्हणजे ओल्या हातानं पुसलेली पाटी वाळते तसा. दुसऱ्याचा काळा तव्याच्या खालच्या अंगासारखा. दाणे होते तिथे होते, आणि नव्हते तिथे काहीच नव्हतं. मला वाटलं, समुद्र यातच दिसेल. खोल समुद्र असाच असणार.

माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला, असं का होतं. त्या माणसानं मला नीट समजावलं. क्यूएलईडीच्या पडद्यामागे उजेड असतो, म्हणून काळ्यातूनही थोडा झिरपतो, पण खिडक्या-दारं उघडी असलेल्या खोलीत तोच चांगला दिसतो. ओएलईडीत मागे उजेडच नाही, प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. बाजूनं पाहिलं तरी याचा रंग उतरत नाही, त्या दुसऱ्याचा उतरतो. एकच चिन्ह महिनोन्महिने एका जागी राहिलं तर याच्यावर डाग राहू शकतो, तेवढं सांभाळायचं. मी डावीकडे जाऊन पाहिलं, उजवीकडे जाऊन पाहिलं. तो म्हणत होता ते खरं होतं. परक्या माणसाशी मी इतका वेळ बोलले हे मला घरी आल्यावर जाणवलं.

जाऊबाई त्या वेळी क्यूएलईडीसमोर उभ्या होत्या. त्यावर कुठलीशी मालिका लागली होती, लग्नातली, सगळ्या बाया दागिन्यांत. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बाई, तो दुसरा सांगा. ओएलईडी. आपल्या खोलीत उजेडच नाही, तोच लागते आपल्याले." त्या म्हणाल्या, "हाव." आणि फ्रीजच्या पलीकडे गेल्या.

टीव्हींच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. दोन फ्रीजच्या फटीतून एवढं दिसलं, की त्या काही सांगत आहेत, आणि भासरे फ्रीजच्या दिशेनं पाहून मान हलवत आहेत. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. मी पदर पुढे ओढला. मला इतका आनंद झाला होता की मी समोरच्या फ्रीजचं दार उगाच उघडलं आणि लावलं.

टीव्ही तिसऱ्या दिवशी येणार होता. मी दोन दिवसांत मधल्या खोलीची भिंत घासून काढली. लोखंडी पेटी सरकवली, कोठी कोपऱ्यात नेली. जाऊबाई येता-जाता पाहत होत्या. एकदा नुसतं म्हणाल्या, "काय लागली अव तू, इतकं कोणी घासते का." तेव्हाही त्यांनी सांगितलं नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. भिंत घासू दिली.

लावणारा माणूस आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. भिंतीला भोक पाडायचा आवाज सुरू झाला, तो समोरून. मला वाटलं, त्या माणसाची चूक झाली. मी जाऊबाईंना म्हणाले, "बाई, तो समोर लावून राह्यला, सांगा न त्याले." त्या तांदूळ धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समोरच लागणार हाय."

मी काही बोलायच्या आत समोरून भासऱ्यांचा आवाज आला. ते खुशीत होते. म्हणाले, "धाकटीले सांग, तिच्या मनासारखाच आणला. समोरच्या खोलीत उजेड हाय, तिथं क्यूएलईडीच पाह्यजे, हे तिनं बरोबर ओळखलं म्हणाव."

घरातलं साधंसुधं बोलणंही आत येऊन पुन्हा सांगणाऱ्या जाऊबाईंनी त्या दिवशी ते पुन्हा सांगितलं नाही. तांदूळ तीनदा धुवून झाले होते, त्या चौथ्यांदा धुवत होत्या.

मी विचारलं, "तुम्ही माह्यं नाव काऊन घेतलं?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही, एवढं मी म्हणेन. "अव, मी माह्यासाठी मांगतला असता तं यायनं ऐकलं असतं का? म्हणाले असते, तुही तं रोजच एक हौस असते. तुह्यं नाव घेतलं की ते हो म्हणते. तू कधी काही मांगत नाहीस न."

मग तांदळाचं पाणी ओतत म्हणाल्या, "आन् तू सांगतला त्याच्यावर डाग पडते म्हणे."

मी म्हणाले, मग मी पाहू कुठून. त्या म्हणाल्या, "ये न समोर. आता कोण काय म्हणते? तूच येत नाहीस."

हे त्यांना सांगणं सोपं आहे. त्या सासऱ्यांसमोर पदर घेत होत्या, सासरे जाऊन बारा वर्षं झाली. माझा नवरा त्यांचा दीर, त्याची तर त्या टोपी उडवतात. त्यांच्यासाठी घरातली प्रत्येक खोली मोकळी झाली आहे. माझ्यासाठी भासरे आहेत. मी उद्या समोर जाऊन बसले तर ते मला काही म्हणणार नाहीत. ते खाटेवरून उठून, दुखऱ्या गुडघ्यानं, ओट्यावर जाऊन बसतील. माझ्यासाठी त्यांना उठावं लागेल. जाऊबाईंना हे माझ्याइतकंच ठाऊक आहे.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, टीव्ही काय पळून जातो का, भाऊ नसला की पाहत जा. भाऊ कधी नसतो हे त्याला विचारावंसं वाटलं नाही.

बावीस वर्षांत मी काही मागितलं नाही, ते मागण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही. मला मागायची लाज वाटते. पण त्या न मागण्याचं घरात इतकं वजन झालं आहे, हे मला माहीत नव्हतं. जाऊबाईंना माहीत होतं. ते वजन त्यांनी एका दिवसात वापरून टाकलं, आणि वापरलं कशासाठी, तर मलाच दाराबाहेर ठेवायला.

आठ दिवसांनी मी चहा घेऊन मधल्या दारापाशी गेले. नेहमी तिथून जाऊबाई कपबशा घेतात. त्या खाटेच्या पलीकडे बसल्या होत्या, मालिका लागली होती. दारातून टीव्ही तिरपा दिसतो. दुकानातला माणूस म्हणाला होता तसंच, सगळ्यांचे चेहरे धुवून धुवून उतरलेल्या कपड्यासारखे दिसत होते. मी त्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले. दुसरा असता तर निदान इथून, उभ्यानं तरी, मला पाहता आलं असतं. मग मी चौकटीकडे तोंड करून म्हणाले, "मी हा नव्हता सांगतला."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. समोर टीव्हीचा आवाज कमी झाला. भासऱ्यांनी मान वळवली नाही, माझी लाज राखली. पडद्याकडे पाहतच त्यांनी विचारलं, "मंग कोणता?"

बावीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला सगळं सांगता येत होतं. मागचा उजेड, ठिपके, तव्यासारखा काळा रंग, आपली खिडकी नसलेली खोली. नाव तर तोंडात आलं होतं. पण मी ट्रेमधल्या कपबशा सरळ लावत राहिले.

तेवढ्यात जाऊबाई उठून आल्या. माझ्या हातातला ट्रे घेतला, आणि मागे वळून त्यांना म्हणाल्या, "काही नाही हो. तिले काय समजते त्याच्यातलं."

भासऱ्यांनी रिमोट तसाच हातात धरून ठेवला. मला वाटतं ते माझ्यासाठी थांबले होते. मग त्यांनी आवाज वाढवला.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, हे मी रोज स्वतःला सांगते. पण बोलले नाही ती चूक माझी, आणि "तिले काय समजते" हे त्यांचं. दुकानात त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला काय समजतं ते त्या घरात एकट्याच जाणत होत्या.

आम्ही भांडलो नाही. पोळ्या एकत्र होतात, बाजारासाठी भाजी एकत्र निघते. फक्त मी त्यांच्याजवळ कुणासाठी काही सांगत नाही. परवा बियाणं आणायचं होतं, भासऱ्यांनी समोरून विचारलं, "धाकटीले विचार, पालक किती लावाचा." जाऊबाई आत आल्या, मी त्यांना म्हणाले, तुम्हाला वाटेल तेवढा सांगा. त्या उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांच्याकडे नेण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी भासरे झोपले की कधी त्या दारात येतात आणि हळू आवाजात म्हणतात, तुझे मासे लागले, चल. मी म्हणते, काम आहे. मग त्या जातात, आणि मी निवडून झालेल्या पालकाच्या जुड्या सोडून पुन्हा बांधायला घेते.