गहाण हॉलचं दान

अक्का माझी थोरली बहीण. हिंगोलीजवळच्या गोरेगावात तिचं मंगल कार्यालय होतं, भावजी गेल्यावर एकटीनं बांधलेलं, बँकेकडे गहाण. मूलबाळ नाही. मी हिंगोलीत लोकांचे आयकराचे रिटर्न भरतो. अक्कानंतर तो हॉल माझ्या लेकरांकडे येणार, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. अक्काला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं तो मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेला द्यायचं ठरवलं. राहिलेलं कर्ज संस्था अंगावर घेणार, बँकही राजी. दानाला कर नसतो, उलट सवलत मिळते, असं संस्थेच्या अध्यक्षांनी तिला सांगितलेलं.

मी गोरेगावला गेलो. "अक्का, सवलत पैशाच्या देणगीला असते, इमारतीला नाही. आणि तुझं कर्ज ते फेडणार, म्हणजे तेवढी किंमत तुला मिळाली असं धरतात. तेवढ्यापुरती ती विक्रीच. नफ्यावर कर बसेल. हॉलमागचा तुझा प्लॉट विक, आधी कर्ज फेड, मग दे."

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हॉल पाहिजे म्हणून कायदा सांगून राहिला का?"

"मला काही नको."

"मग तुझी बायको काहून खिडक्यांची मापं घेऊन गेली?"

हे मला ठाऊकच नव्हतं. पण तिला ते पटणार नव्हतं, आणि मीही बोलायचं ते बोललो. "बुड मग," म्हणून निघालो.

दानपत्राच्या कार्यक्रमात ती माईकवर म्हणाली, "घरचेच आडवे आले, तरी मी दिलं." लोक वळून माझ्याकडे बघायला लागले.

पुढे आयकराची नोटीस आली. अक्का जीपनं हिंगोलीला आली आणि गिऱ्हाइकांसमोर पाकीट माझ्या टेबलावर आपटलं. "तूच तक्रार केली!"

"मी आधीच सांगितलं होतं."

"ह्यात विक्री लिहिलंय. मी विकलं न्हाई. दान केलं मी!"

"कायद्याला त्यातलं काही दान दिसतं, काही विक्री."

तिनं पाकीट परत उचललं. कराचं तिला वाटलं नसेल एवढं त्या 'विक्री' शब्दाचं लागलं होतं.

आम्ही अध्यक्षांकडे जाब विचारायला गेलो. त्यांनी चहा मागवला. "ताई, कर हा तुमचा व्यक्तिगत विषय. वाटल्यास तुमच्या नावाची पाटी लावतो."

"पाटी नको. पोरींना आंघोळीला गरम पाणी देता का?"

ते चाचरले. अक्कानं त्यांना असं झाडलं, की व्हरांड्यातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. चहा तसाच राहिला.

परतताना मी म्हणालो, "चुकीचं सांगून घेतलं म्हणून दावा लावता येईल."

"दिलेलं परत मागू? तुझ्यासारखी आहे का मी?"

बांधकामाच्या खर्चाची बिलं जोडून मी नोटिशीला उत्तर लिहिलं. तो खर्च नफ्यातून वजा झाला, कर थोडा उतरला. उरलेला तिनं प्लॉट विकून भरला. काम मिटलं त्या दिवशी ऑफिसात येऊन तिनं पैसे पुढं ठेवले. "तुझी फी."

"बहिणीकडून फी घेतो का कुणी?"

"मी गिऱ्हाईक म्हणून आले. बहीण होते तेव्हा बुड म्हणालास."

मी पैसे घेतले. पावती फाडून दिली. पावती पर्समध्ये घालून पाणीही न पिता ती गेली. भाऊबीजेला आता मला बोलावणं नसतं. मीही जात नाही.