आक्काला भूक नव्हती

आक्का गेल्याचा भाच्याचा फोन कराडला आला तेव्हा मी पोहे खात होते. फोन ठेवला आणि उरलेले पोहे संपवले. का, ते आजही सांगता येत नाही. तीन आठवडे झाले, घरात एका जागी बसवत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सांगलीजवळच्या गावात दिलेली. उपवासात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्हा जैनांच्या भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण. आणि एरवी वर्षभर माझ्यासारख्या खादाडांची थट्टा. या खेपेला पर्व संपलं तरी तिचं एकाशन सुटलं नाही. मग ते जेवणही चार घासांवर आलं. गावातल्या बायका येऊन पाया पडू लागल्या, सून कौतुकानं सांगत सुटली, मीही कराडात चारचौघींत मिरवलं... दिवाळीत गेले तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जेवायला बसल्यावर हळूच म्हणाली, "मी कुटं काय सोडलंय गं? भूकच लागंना. दोन घासांत पोट गच्च हुतंय." आणि मी शहाणी काय म्हणाले? "आक्का, हे भाग्य सगळ्यांना कुठं?" तिनं ताट बाजूला सारलं.

पुढच्या महिन्यात ती मोरीत पडली आणि मिरजेला न्यावं लागलं. स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ निघाली, तीही पसरलेली. ती व्रत करते, असं मी डॉक्टरीणबाईंना घाईघाईनं सांगितलं. त्यांनी न रागावता समजावलं. रिकाम्या पोटातून भुकेचं संप्रेरक रक्तावाटे मेंदूत जातं. मग मेंदू भूक जागवतो आणि पोटालाही कामाला लावतो. या आजारात मेंदूत तो निरोप दबून जातो, पोट सुस्तावतं, खाल्लेलं लवकर पुढं सरकत नाही. "उपवासात माणूस भूक आवरतो," त्या म्हणाल्या, "यांना आवरायला भूकच नव्हती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत का?"

बोलली होती. मला. पण मी ते त्यांच्यापासून लपवलं. माझा मलाच आलेला राग अजून जात नाही.

परवा तिच्या नावानं एकाशन धरलं. अकरा वाजताच पोटात कावळे ओरडू लागले. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले, पुन्हा लावले. ही तगमग तिला शेवटी शेवटी एकदाही झाली नाही, आणि मी तिला भाग्यवान ठरवून मोकळी झाले... बारा वाजता ताट वाढून घेतलं. घास हातातच राहिला, डोळे वाहू लागले, आणि मेली भूक काही जाईना.