पहिल्या रांगेतले वहीवाले

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मदत समितीच्या सभांवर सरकारने एक गुप्त माणूस नेमला. तो पहिल्या रांगेत बसायचा.

आम्ही मित्रराष्ट्राच्या सैनिकांसाठी हातमोजे विणायचो आणि दर पंधरवड्याला शाळेच्या सभागृहात सभा भरवायचो. ते राष्ट्र सरकारचंही मित्रच होतं. पण लोकांनी त्याच्यावर आपणहून एवढं प्रेम का करावं, हे सरकारला उमगत नव्हतं. म्हणून भाषणं उतरवून घ्यायला लघुलिपी जाणणारे हे गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेली, कोटाला कडक इस्त्री. आम्ही त्यांना वहीवाले म्हणायचो.

तिसऱ्या सभेनंतर मी कपबशा आवरत होते, तेव्हा ते जवळ आले.

"वहिनी, सभेचं इतिवृत्त तुम्हीच लिहिता ना? जरा पाहायला मिळेल?"

"गुप्त पोलिसांना?"

"मी गुप्त पोलीस आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी, चहा घेताना."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "डावा कान गेलाय. उजवा जायच्या वाटेवर आहे. खात्यात कळलं तर घरी बसवतील. निवृत्तीला अकरा महिने आहेत, आणि मुलीचं कॉलेज व्हायचंय."

मी आमच्या ह्यांना विचारलं. हे समितीचे अध्यक्ष होते. "दे की," हे म्हणाले. "तेवढंच तुझं लेखन सरकारदरबारी जाईल."

मग सहा महिने मी लिहायचं आणि वहीवाल्यांनी उतरवून घ्यायचं असं चाललं. कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला ऐकलं तेवढं सगळं लिहायला शिकवलं होतं. त्यामुळे कोणता वक्ता किती वेळा शिंकला आणि आलेल्या हातमोज्यांपैकी एकाला अंगठा नव्हता, हेही सरकारला कळत गेलं. अहवाल इतके नावाजले गेले की खात्यातले नवे साहेब म्हणाले, "इतकं बारीक ऐकणारा माणूस मला पाहायचाय." पुढच्या सभेला ते वहीवाल्यांच्या शेजारी बसणार होते आणि सभा संपताच वही ताब्यात घेणार होते.

वहीवाल्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्या सभेचे वक्ते डॉक्टर होते. ह्यांनी त्यांना बजावलं, "भाषण आधी लिहून द्या आणि तेच वाचा. एक शब्द इकडचा तिकडे नको." डॉक्टरांनी आयुष्यात कधी कागद पाहून भाषण केलं नव्हतं, पण ते कबूल झाले. मी भाषणाची नक्कल करून दिली आणि वहीवाल्यांनी आदल्या दिवशी घरीच ती लघुलिपीत उतरवली. सभेत फक्त पेन्सिल फिरवायची होती.

चार पानं डॉक्टरांनी शहाण्या मुलासारखी वाचली. पाचव्या पानावर त्यांनी चष्मा काढला, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी विणणारे हे हात युद्ध संपल्यावर रिकामे बसणार नाहीत. आपल्याकडेही बरंच काही उसवायचं आहे."

टाळ्या पडल्या. वहीवाल्यांची पेन्सिल संथपणे फिरत होती.

सभा संपल्यावर ह्यांनी मला चहाच्या खोलीत धाडलं, कारण मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. दार मात्र उघडं होतं.

साहेबांना लघुलिपी येत होती. "ते उसवण्याचं वाक्य कुठाय?" वहीवाल्यांनी त्यांना पुन्हा विचारायला लावलं. "उसवण्याचं वाक्य. कोर्टात तुमच्या वहीत असेल तेच चालतं. आत्ता लिहा, खाली सही करा. उद्या डॉक्टरला आत घेतो."

वहीवाल्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "मी ते ऐकलं नाही, साहेब."

"पहिल्या रांगेत बसून?"

"मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. वर्ष होईल आता."

"मग ही वही कशी भरली?"

"अंदाजाने."

साहेबांनी वही मिटली. "आणि तो अंगठा नसलेला हातमोजा?"

"तोही."

बहिऱ्या माणसाची वही कोर्टात नेता येईना, म्हणून डॉक्टर सुटले. वहीवाल्यांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. मुलीने कॉलेज सोडलं आणि एका कचेरीत टंकलेखनाचं काम धरलं. हे सगळं मी त्या सभेच्या इतिवृत्ताखाली तारखेसह लिहून ठेवलं आहे.

पुढच्या रविवारी डॉक्टर वहीवाल्यांच्या घरी गेले. सोबत आम्ही दोघंही होतो. दार उघडून त्यांच्या बायकोने आम्हा तिघांना एकदा नीट पाहून घेतलं. "मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. "आता लपवायचं काही राहिलं नाही."

डॉक्टरांनी दारातूनच, सभेत बोलायचे त्या आवाजात, आभार मानले. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

वहीवाल्यांनी हाताने त्यांना आत यायची खूण केली. "हळू, डॉक्टर," ते म्हणाले. "गल्लीत आमच्या खात्याचे दोघे राहतात. त्यांचे कान चांगले आहेत."