फिलोमेनची स्वप्नं

फिलोमेन ब्रुसाक आमच्या कॅफेशेजारच्या लाँड्रीत इस्त्री करायची. दहा-दहा तास उभं राहून परक्यांच्या कॉलरी कडक करणारी ही बाई अख्ख्या पॅरिसमधली सर्वात अफलातून स्वप्नं बघायची, हे मी, त्या कॅफेतला वेटर, छातीठोक सांगतो. ती स्वप्नं पळवली तिच्याच नवऱ्याने, पोस्टात पत्रं लावणाऱ्या आन्सेल्मने.

पण त्याला चटक लावली माझ्या गिऱ्हाइकांनी. महायुद्ध संपल्यावर काही तरुण कवी-चित्रकार रोज संध्याकाळी माझ्या कोपऱ्यातल्या टेबलांवर जमू लागले. शहाण्यासुरत्यांनी चार वर्षं पोरं मारली, तेव्हा आता शहाणपणालाच रजा द्यायची, खरं काय ते स्वप्नात सापडतं, असं त्यांचं म्हणणं. इथवर मलाही पटायचं. माझा भाऊ व्हर्दूनच्या लढाईतून परत आला नाही. पण मुक्तीचे हे भक्त हजेरी घ्यायचे! गैरहजर राहिला की खटला, कादंबरी लिहिली की हकालपट्टी. एवढा जाच मी पलटणीतही सोसला नव्हता.

एकदा आन्सेल्मने त्यांना बायकोचं स्वप्न आपलं म्हणून ऐकवलं: एक मासा शिडीवरून उतरतो आणि घरभाडं मागतो. म्होरक्या ऑक्ताव्ह मार्सां गहिवरला. "कामगाराचं निर्मळ अंतर्मन!" मग आन्सेल्म रोज सकाळी बायकोला खोदून विचारायचा आणि संध्याकाळी इथे ओतायचा. तीन स्वप्नं त्याच्या नावाने त्यांच्या मासिकात छापून आली.

मासिक मीच फिलोमेनला दाखवलं. राहवेना मला.

"मासा माझा आहे," ती म्हणाली. "हा तर नुसता घोरतो. याला काय दिसणार, पाकिटं?" मग हळूच म्हणाली, "माझं नाव कधी कुठे छापून आलं नाही हो. एकदा यावं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती थेट टेबलापाशी आली आणि तेच बोलली. ऑक्ताव्हने उठून तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि लगेच खटला भरवला. अकरा पुरुषांनी हात वर केले. आन्सेल्म निर्दोष.

"मादाम, स्त्री म्हणजे झरा," ऑक्ताव्ह म्हणाला. "झरा कुठे सही करतो? पण पुढच्या अंकावर तुमचं चित्र टाकू. डोळे मिटलेलं."

"आणि खाली नाव?"

"अर्थात चित्रकाराचं."

एवढा वेळ बाई उभीच होती. एकालाही खुर्ची सुचली नाही. माझं डोकं फिरलं; मी खुर्ची आणून आदळली. ती बसली आणि कॉफी मागवली.

"काल रात्री एक पडलं," ती म्हणाली. "आजवरचं सर्वात भारी."

अकरा पेन्सिली बाहेर आल्या. फिलोमेनने सावकाश कॉफी संपवली, तोंड पुसलं आणि उठली.

"हा सांगेल," नवऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली आणि चालू लागली.