परसातली येळवस

आमच्या धाराशिवात थंडी फार दिवस टिकत नाही, पण टिकते तेवढे दिवस माझ्यासारख्या परसात भाजीपाला लावणाऱ्या बाईची चैन असते. उन्हाळ्यात झाडं कशीबशी जगवायची आणि पावसाळ्यात तण उपसत बसायचं, यातच बाकीचं वर्ष जातं. हिवाळ्यात मात्र सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याच्या कडेला नुसतं उभं राहता येतं. मेथी वीतभर वर आलेली असते, गाजराचा पाला दवानं वाकलेला असतो, आणि नळाला आज पाणी येणार की परवा, याचीही फारशी काळजी नसते. माती ओल धरून ठेवते.

ही माती इथली नाही. आमची कॉलनी गावाच्या टोकाला, मुरमाच्या माळावर वसली आहे. घर बांधलं तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत पहार मारली तर ठिणग्या उडायच्या. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते एका तळ्यातला गाळ ट्रॉलीनं आणून तिथं पसरला. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी गाळाचा ढीग बघितला आणि विचारलं, "बाजारात भाजी मिळायची बंद झाली का?"

आमच्या घराण्यात मातीचा स्वतःचा असा तुकडा कधीच नव्हता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझे आईवडील वाशी तालुक्यातल्या एका गावात दुसऱ्याच्या शेतात राबायचे.

येळवस म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षाच्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप उभी करतात, तिला आम्ही कोप म्हणतो. तिथं शेताची पूजा होते, आणि मग भज्जी, ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे असं जेवण. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. पावटा, तूर, वाटाणा, हरभरा असे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली ती दाट भाजी असते. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले आग्रहानं बोलावतात. शहरातले रस्ते त्या दिवशी ओस पडतात.

लहानपणी वडील आम्हा भावंडांना घेऊन मालकाच्या शेतात जायचे. आम्ही बौद्ध. कोपापासून लांब, बांधावर आमची पंगत बसायची. जेवण पोटभर मिळायचं, कुणी वाईट बोलायचं नाही. तरीही आई कधी आली नाही. त्या शेताची खुरपणी वर्षभर तिनं केलेली असायची. वडील निघताना म्हणायचे, "चल की, सणाचा दिवस हाय." ती चुलीपुढून न उठता म्हणायची, "माझ्या पोटाला घरची भाकर बरी."

पुढं नोकरी लागली आणि माझाही येळवसशी संबंध तुटला. त्या दिवशी सगळ्या स्टाफला रजा हवी असायची. मला जायला शेत नव्हतं, म्हणून मी आपण होऊन ड्युटी मागून घ्यायचे. माझ्याबरोबर एक तरुण सिस्टर होती. तिचं सासर शहराबाहेर कळंब रस्त्याला, घरची शेती. तिची येळवसची ड्युटी दर वर्षी मीच करायचे. दुसऱ्या दिवशी ती डबा भरून भज्जी आणायची आणि माझं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहायची.

आता एका हिवाळ्याची गोष्ट. त्या वर्षी माझा पावटा असा आला होता की मांडव दिसत नव्हता. शेंगांच्या भारानं एक बाजू खचली. ती बांधायला मी स्टुलावर चढले. स्टुलाचा एक पाय भुसभुशीत मातीत रुतला आणि मी आडवी झाले. आयुष्यभर लोकांची मोडलेली हाडं बघितलेली, त्यामुळे घोट्याकडे बघूनच कळलं. यजमान धावत आले तेव्हा मी म्हणाले, "हलवू नका मला. आधी रिक्षा बोलवा."

पायाला प्लास्टर बसलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद मिळाली. मागच्या दाराशी पलंग टाकून घेतला, म्हणजे निदान वाफे दिसतील. ऐन हिवाळा, सगळं पीक भरात, आणि मी उशीवर पाय ठेवून पडलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मेथी माना टाकताना दिसली आणि मला रडू आलं. पाय दुखत होता त्याचं इतकं रडू आलं नव्हतं.

यजमान दारात उभे होते. ते परसात उतरले. बादली घेतली आणि मेथीवर जोरात पाणी ओतलं. अर्धी मेथी आडवी झाली.

"अहो, झारीनं घालायचं असतं."

"झारी कुठंय?"

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना झारी कुठं असते हे माहीत नव्हतं. मग मी पलंगावरून सांगत गेले आणि ते करत गेले. गवत समजून त्यांनी कोथिंबीर उपटली. पण पावट्याचा मांडव मात्र त्यांनी वर्कशॉपच्या सवयीनं तार लावून, पीळ घालून असा आवळला की त्यावर बस उभी राहिली असती. हळूहळू सकाळी ते मला न विचारता परसात जायला लागले. एकदा खिडकीतून ऐकलं, ते शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या गाजराला आज जरा कमी पाणी दिलं, ओल आहे अजून." आमच्या गाजराला, असं म्हणाले. मला पडल्या पडल्या हसू आलं.

येळवसच्या आधी ती तरुण सिस्टर मला बघायला आली. आता ती तरुण राहिली नव्हती, वॉर्डाची इनचार्ज झाली होती. बरोबर तिच्या सासूबाई होत्या. त्यांना मी मावशी म्हणते. मावशी पलंगापाशी थोडा वेळ बसल्या, मग उठून थेट परसात गेल्या. पावट्याची शेंग तोडून, सोलून दाणा दातानं चावून बघितला.

"पावटा लई गोड हाय तुमचा," आत येऊन त्या म्हणाल्या. "आमचा समदा परतीच्या पावसानं नासला. आता भज्जीत काय घालावं?"

"न्या की मावशी. लागेल तेवढा न्या. तोडायला हे आहेत."

यजमानांनी लगेच टोपली घेतली. मावशी म्हणाल्या, "मग तुमी बी या येळवसला. ह्या वर्साला ड्युटी न्हाय तुमाला."

मी पायाकडे बोट दाखवलं. शेतापर्यंतचा रस्ता ढेकळांचा, गाडी आत जात नाही. मावशींनी प्लास्टरकडे बघितलं आणि "बरं" एवढंच म्हणाल्या.

येळवसच्या दिवशी आमची कॉलनी सकाळीच रिकामी झाली. उरली ती भाड्यानं राहणारी, बाहेरगावची दोन-तीन घरं. यजमानांनी पिठलं केलं होतं. ते खाऊन मी पडून होते. दुपार कलायला लागली तेव्हा मागच्या गल्लीत टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि कुंपणाच्या भिंतीवरून कडब्याच्या पेंढ्या एकामागून एक आत पडायला लागल्या. मागून सिस्टर आणि तिचा नवरा आले, दोघांच्या हातात मोठी पातेली. सगळ्यांत शेवटी मावशी. त्यांच्या कडेवर आंबिलाचं मडकं होतं, चुना आणि तांबड्या कावेनं रंगवलेलं.

"मावशी, आज शेत सोडून इकडं कुठं?"

"शेतातलं उरकलं. पूजा झाली, पावणं जेवलं. आता हे एक शेत ऱ्हायलं."

"हे कुठलं?"

"हेच की. काळी माती हाय, पीक उभं हाय. मग शेत न्हाय तर काय हाय हे?"

सिस्टरच्या नवऱ्यानं वांग्याच्या वाफ्याजवळ पेंढ्या उभ्या करायला सुरुवात केली. मावशी माझ्या पलंगाशी आल्या, खाली बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमच्यात देव पुजत न्हाईत, ठावं हाय मला. तुमी न्हाय म्हनला तर कोप घालत न्हाय. नुस्तं जेवन करू."

हे विचारलं म्हणून त्या बाईचा मला फार आधार वाटला. घरात येऊन, सणाच्या दिवशी, स्वतःची रीत बाजूला ठेवायची त्यांची तयारी होती. मला आई आठवली, चुलीपुढं बसलेली. मग मी म्हणाले, "कोप घाला मावशी. देव मांडू नका. मातीला मात्र मी हात जोडीन. तिचे माझ्यावर लई उपकार आहेत."

"मंग मातीलाच निवद दावू," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

यजमानांनी आणि सिस्टरनं मला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचलून वाफ्याच्या कडेला ठेवलं. पडल्यापासून पहिल्यांदा मी बाहेर आले होते. उन्हात मेथीचा वास येत होता. मावशींनी कडुलिंबाच्या डहाळीनं सगळ्या वाफ्यांवर आंबील शिंपडलं, पावट्याच्या मुळाशी जरा जास्तच. मग पानावर भज्जी, उंडा, तिळाची पोळी वाढून ते पान माझ्या हातात दिलं.

"हे तुमी ठिवायचं. मालकिनीनं ठिवायचं असतं."

लोक मला सिस्टर म्हणाले, ताई म्हणाले, बाई म्हणाले. मालकीण मला कुणी कधी म्हटलं नव्हतं, माझ्या आईला तर नाहीच नाही. मी खुर्चीतून वाकले, पण हात जमिनीला पुरेना. यजमानांनी पान खालून धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते मातीवर ठेवलं. माझे डोळे भरून आले होते. मावशींनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवून भिंतीपलीकडं हाक मारली, "कोन हाय का घरात? या जेवायला."

भाड्यानं राहणारे ते शेजारी आले. त्यांतल्या एका मास्तरीणबाईंनी येळवसचं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. कोपाभोवती, वाफ्यांमधल्या वाटेवर, जिथं जागा मिळाली तिथं सगळे मांडी घालून बसले. पंगत एकच होती. मास्तरीणबाईंनी आंबील आधी ओठाला लावून बघितलं आणि मग दोनदा मागून घेतलं. यजमान प्रत्येकाला वाढताना सांगत होते, "पावटा आपल्या घरचा आहे बरं का." सूर्य खाली गेला तशी थंडी झोंबायला लागली, तरी कुणी उठेना.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती असती तर आमच्या या पंगतीला बसली असती असं मला वाटतं. बसली असती आणि माझ्या गाजराच्या वाफ्यात राहिलेलं गवत दाखवून रागावलीही असती.

प्लास्टर निघालं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. कोप आम्ही थोडे दिवस तसाच ठेवला, मग कडबा गवळ्याला दिला. त्यानं आपण होऊन शेणखताची दोन पोती आणून टाकली. पाय आता बरा आहे, फक्त थंडीत पहाटे ठणकतो. खाली बसून खुरपणं जमत नाही म्हणून यजमानांनी वर्कशॉपच्या जुन्या मित्राकडून चाकांचा बुटका पाट करून आणला. त्यावर बसून मी एका वाफ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरकत जाते.

यंदा मेथी त्यांनीच पेरली, ओळीत, दोरी लावून. मेथी कुणी दोरी लावून पेरत नाही. पण उगवली मात्र छान आहे.