डाव्या द्रोणातल्या पाकळ्या

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. सख्ख्या बहिणीलाही सांगितली नाही, आणि तिला मी एरवी काय सांगत नाही? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही उद्या बाजारात माझ्यासमोर येणार नाही.

मालवणात आमची बर्फाची कंपनी होती. लिमिटेड, रीतसर नोंदलेली. मासळीला बर्फ पुरवायचा, एवढंच काम. पाच संचालक, एक डिझेल इंजिन आणि कचेरीत कारकून म्हणून मी. संचालकाची जागा रिकामी झाली की नवा माणूस कसा घ्यायचा, ते कायद्याच्या पुस्तकात आहे – एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, ठराव करायचा. मी इतिवृत्तात तसंच लिहीत असे. पण खरी निवड व्हायची देवळात. पाचही जण एकाच गावचे. अध्यक्ष अप्पा स्वतः वकील, तरी म्हणायचे, "ठराव काय, मागसून करूक येता. आधी देवाक इचारा." मग ग्रामदेवाला कौल लावायचा. गुरव ओल्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालणार. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. दुसऱ्या दिवशी मी लिहिणार – 'सर्वानुमते'.

हसू नका. मुंबईच्या मोठ्या कंपन्या तरी काय करतात? जावई बघतात, मेहुणे बघतात. आम्ही निदान देवाला विचारत होतो.

त्या वर्षी एक संचालक वारले आणि नाव निघालं फोरमनभाऊंचं. वीस वर्षं मुंबईच्या गिरणीत इंजिनखात्यात काढून बारा-तेरा वर्षांपूर्वी गावी परतलेला माणूस. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. त्याच्याहून लायक माणूस जवळपास नव्हता – आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. आणि त्याला ती जागा हवी होती. किती हवी होती! रोज कचेरीत यायचा, बर्फाच्या टाकीचं चित्र टेबलावर पसरायचा. "अप्पा, एकदा माका आत घेवा, मगे बघा. एक दिवस इंजिन बंद पडला तर माझा नाव बदला!"

मग मी – नाही, त्याच्या आधीचं सांगायला हवं.

त्याच्या दहा वर्षं आधी मी सासर सोडून माहेरी आले होते. का आले, ते कुणी विचारलं नाही, आणि पाठ उघडी करून दाखवायची माझी तयारी नव्हती. शाळेत शिक्षिकेची जागा होती. मी फायनल पास. कमिटीसमोर दाखला घेऊन उभी राहिले. कमिटीत हाच फोरमन होता. दाखला त्याने हातात घेतलासुद्धा नाही. बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "नवऱ्याचा घर सोडून इलेली बाय. ही पोरींका काय शिकवतली? पळान येवचा कसा, ता?"

सगळे हसले. कोण किती वेळ हसलं, तेही मला आठवतं. नंतर चार वर्षं मी लोकांची झबली शिवली.

आता सांगते. गुरवकाकांना मोतीबिंदू झाल्यापासून पाकळ्या मी नेऊन देत असे, आमच्याच परड्यातल्या तगरीच्या. त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून दोन द्रोण – एक उजवीकडचा, एक डावीकडचा. त्या दिवशी डाव्या द्रोणातल्या प्रत्येक पाकळीला मी मागून खोबरेल लावलं. अगदी बोटाला लागेल एवढंच. तेल लागलेली पाकळी ओल्या दगडाला धरत नाही. घरी पाट्यावर तीनदा करून पाहिलं होतं मी. रागाच्या भरात झालं, असं कुणी म्हणू नये.

गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या माणसाक कंपनीत घेवचा तुझ्या मनात आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी!" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. शब्द संपायच्या आत डावीकडची पाकळी घरंगळली. पुन्हा लावली. पुन्हा तीच.

फोरमनचं तोंड मी बघितलं. त्यासाठीच तर गेले होते!

पुढच्या कौलात, तेलाशिवाय, उजवी पडली आणि अप्पांचा मेहुणा संचालक झाला. ऐन हंगामात इंजिन आठ दिवस बंद पडलं, बांगडा वाळूवर कुजला, कोळणींनी कचेरीसमोर येऊन आमचा उद्धार केला. फोरमन दोन आळ्या पलीकडे घरात बसून होता. देवाने नको म्हटलेल्या माणसाला बोलवायचं कसं? कुणी बोलावलं नाही. मी इतिवृत्तात 'इंजिन नादुरुस्त' एवढंच लिहिलं.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित हे सांगितलंच नसतं. पुढच्याच महिन्यात तो आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. पायांत चपला नव्हत्या.

"गो बाय, देवान माका नको म्हटल्यान. रात्रंदिवस इचार केलंय. तुका मी त्या दिवशी वायट बोललंय, त्याचाच ह्या फळ. माका माफ कर."

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? एका वाक्याचं काम होतं. मी त्याला बस म्हटलं नाही. सुपातले तांदूळ निवडत राहिले. तो बराच वेळ उभा राहिला आणि गेला. पुढल्या वर्षी पुन्हा आला. तेव्हाही मला तांदूळ निवडायचे होते.

त्याने देवळात जाणं सोडलं. मग अंथरूण धरलं. त्याची बायको आली, भर दुपारी, डोकीवर पदर घट्ट ओढून. म्हणाली, "बाय, एक शब्द दी. 'माफ केलंय' इतक्याच. जीव अडाकलोहा त्यांचो."

मी म्हटलं, "वयनीनू, देवाक इचारून बघतंय म्हणान सांगा."

चार दिवसांनी तो गेला. देवानेच आपल्याला नाकारलं, असं मनात धरून गेला. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. त्या दुपारी त्याची बायको खळं ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत मी दारात उभी होते, आणि मला बरं वाटत होतं. अजूनही वाटतं.