भिंतीवरची तांब्याची पट्टी

आमच्या घरात संशय घ्यायला कारण लागत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते वजनकाट्यावर ऊस घालून आले की काटा मारला म्हणणार, आणि पाहुणा नुसता भेटायला आला तरी ‘कायतरी काम असणार’ म्हणून तो जाईपर्यंत वाट बघणार. मी त्यांचीच लेक. बारामतीत माझं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे, आणि एखादी बाई ‘उद्या येते’ म्हणाली की ती दुसऱ्या कुठल्या दुकानात जाणार याचा अंदाज मी आधीच बांधलेला असतो. नवरा म्हणतो, तुम्हा बापलेकींना एका खोलीत कोंडलं तर एकमेकांचे खिसे तपासाल.

आई गेल्यापासून आबा पळसदेवजवळच्या वस्तीवर एकटेच राहतात. बांधापलीकडे चुलतभावाचं घर आणि गोठा, बाकी सगळा ऊस आणि पेरूची झाडं. आबांना साखरेचा त्रास आहे. इन्सुलिनचं इंजेक्शन ते स्वतःच टोचून घेतात. त्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात आणि वस्तीवरच्या लाइटीचं काही खरं नसतं, म्हणून मी हट्टानं त्यांच्या छतावर सोलर बसवलं, बॅटरी-इन्व्हर्टरसकट.

गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात घराजवळच्या कडुलिंबावर वीज पडली. छतावरच्या पॅनेलना काही झालं नाही, पण आतला इन्व्हर्टर जळून काळा पडला. त्याच दणक्यात रस्त्याकडेचा डीपी, म्हणजे लाइटीचा ट्रान्सफॉर्मरही गेला आणि फ्रिज बंद झाला. आबांनी हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. मी फोन केला की ‘समदं ब्येस हाय’ म्हणायचे आणि त्या उकाड्यात बिघडलेलं औषध टोचून घ्यायचे. शेवटी चुलतभावाला ते गोठ्याच्या कडेला बसलेले दिसले. त्यांना धड बोलताही येत नव्हतं. त्यानंच त्यांना इंदापूरला दवाखान्यात नेलं.

त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी ठरवलं, पुन्हा असं काही झालं तर आबांना बारामतीला आणायचं. त्यांनी कितीही आदळआपट केली तरी आणायचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते झुरतील हे मला दिसत होतं, आणि तरीही ठरवलं. नवऱ्याशिवाय हे मी कुणाला बोलले नाही.

आणि तशी वेळच येऊ नये म्हणून यंदा वळीव सुरू व्हायच्या आधी विजेचा बंदोबस्त करायला घेतला. इंदापूरचा एक सोलरवाला गाठला. त्यानं छतावर टोकदार सळई उभी केली. तिच्यापासून भिंतीवरून खाली तांब्याची पट्टी आणली आणि अंगणाच्या कडेला खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून, पट्टी त्यात पुरलेल्या प्लेटीला जोडली. इन्व्हर्टरच्या आधी एक छोटी डबी बसवली. तारेतून दणका आला तर आधी ती जळेल, इन्व्हर्टर वाचेल, असं त्यानं सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्याची पाठ वळल्यावर, आबांच्या देखतच, पर्समधून दुकानातला सुया उचलायचा लोहचुंबक काढून पट्टीला लावून बघितला. चिकटला नाही. म्हणजे तांबंच होतं.

“खरं हाय ताई,” तो पाठमोराच म्हणाला. मला थोडी लाज वाटली, पण थोडीच.

चुलतभावाला हे काम पसंत नव्हतं. बांधावर उभा राहून तो म्हणाला, “आक्का, ही सळई वीज वढून घेती म्हणं. माझी जनावरं हितं बाजूलाच हायेत.” सोलरवाल्यानं त्याला समजावलं की पडणारी वीज तिच्या वाटेनं सरळ जमिनीत जावी एवढंच सळईचं काम. त्यानं मान हलवली, पण पटल्यावर हलवतात तशी नव्हे. मी ते ध्यानात ठेवलं.

त्यानंतर सुट्टी बघून मी आबांकडे गेले, तर भिंतीवर पट्टीच नव्हती. छताखालपासून पार खड्ड्यापर्यंत नुसते बोल्ट उरले होते. वर सळई तेवढी ऐटीत उभी होती.

“आबा, पट्टी कुठंय?”

“न्हेली असंल कुणीतरी.” आबा पेरू चिरत होते. मान वरसुद्धा केली नाही.

हे मला खटकलं. ज्या माणसानं चोरीला गेलेल्या बादलीसाठी वस्तीवरच्या घराघरात चौकशी केली होती, तो माणूस एवढी तांब्याची पट्टी गेल्यावर पेरू चिरत बसतो? म्हणजे कुणी नेली हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्याला झाकत होते. मी मनातल्या मनात चुलतभावाला धरलं. गोठ्याच्या काळजीनं त्यानंच उचकटली असणार, आणि घरचा माणूस म्हणून आबा गप्प बसले असणार. मग वाटलं, सोलरवाला तरी कशावरून नाही? बोल्ट किती घट्ट आवळलेत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? चोरांना घाई असते, ते कापून नेतात. इथे तर एकेक बोल्ट नीट खोलून परत जागेवर फिरवून ठेवलेला होता.

मी सोलरवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. आवाजात जरा धार होतीच. तो जवळच्याच कुठल्या तरी कामावर होता, ‘आलोच’ म्हणाला. तो येईपर्यंत मी चहा टाकला आणि जाताना दळायला गहू न्यावा म्हणून कोठीकडे वळले.

“कोठीला हात लावू नगंस,” आबा बाहेरूनच ओरडले. “भुंग्याच्या गोळ्या टाकल्यात.”

आबा गव्हात गोळ्या टाकत नाहीत. गोळ्या विकणाराच धान्यात भुंगेही सोडतो असं त्यांचं ठाम मत आहे. मी झाकण उघडलं. गव्हावर खताची रिकामी गोणी होती, आणि गोणीत गुंडाळी केलेली तांब्याची पट्टी आणि पाना.

गोणी तशीच उचलून मी अंगणात आणून ठेवली. एवढ्यात सोलरवाल्याची गाडी दारात थांबली. तो उतरला, त्यानं गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावर बसला.

“मंग काय झालं?” आबाच चिडले. “मोटारीची केबल आपण आणतोच की घरी.”

हे खरं होतं. आमच्याकडे धरणाच्या पाण्यावर ज्यांच्या मोटारी आहेत, ते पिकाला पाणी देऊन झालं की केबल सोडवून घरी आणतात. नाही आणली तर तांब्यासाठी कुणीतरी तोडून नेतंच. आबांची केबल तर कैक वर्षं त्यांच्या खाटेखाली झोपते.

“ही बी तशीच,” आबा सांगत होते. “काम नसलं की काढायची. ढग दिसला की लावायची.”

“लावायची म्हंजे? कोण लावणार?” मी विचारलं.

“मीच की. परवा लावली न्हवं. गडगडाय लागलं तसा शिडी घेतली, वरचा बोल्ट आवळला, मंग खालचा. पाऊस थांबल्यावर काढून ठिवली.”

मी ओट्यावर टेकले. डोळ्यांसमोर दिसत होतं ते सगळं, सत्तरी ओलांडलेले माझे वडील, लोखंडी शिडी, हातात तांब्याची पट्टी, आणि वर वीज. त्यांच्या जिवासाठी बसवलेल्या वस्तूनंच त्यांना भर विजेत शिडीवर चढवलं होतं. राग आला, आणि रागाच्या खाली निव्वळ भीती होती.

सोलरवाला सावकाश म्हणाला, “आबा, वीज ढग बघून येत न्हाय. लांबनं बी येती. आन् वर सळई हाय, खाली पट्टी न्हाय, म्हंजे तिला दुसरी वाट घरातनंच.” मग तो उठला. “गाडीत जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी पट्टी हाय. तिनं बी काम हुतं, जरा रुंद घ्यावी लागती एवढंच. तिला कोण हात लावत न्हाय.”

“लोखंडानं वीज जाती व्हय?” आबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मला म्हणाले, “बघ चुंबक लावून.”

तो भिंतीशी ठोकाठोक करायला लागला. आबा माझ्याशेजारी ओट्यावर बसले. आभाळ भिगवणच्या बाजूनं भरून येत होतं.

“आबा, पट्टी चोरीला गेली असती तर दुसरी आणली असती. एवढी कसली धास्ती?”

ते भिंतीकडे बघतच म्हणाले, “पट्टी ग्येली, पुन्हा कायतरी जळलं, की तू मला बारामतीला न्हेणार. हाय का न्हाय डोक्यात?”

मी नवऱ्याशिवाय कुणाला बोलले नव्हते, आणि नवऱ्यानं कुणाला सांगितलं नसणार. नाही म्हणायला जीभ वळलीसुद्धा होती. पण त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलंय?

“हाय,” मी म्हणाले.

मला वाटलं आता भडकतील, उठून जातील. पण त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

“मला वाटलं, मलाच कायबी वाटाय लागलं,” ते म्हणाले. “पोटच्या पोरीवर संशय घेतोय, म्हंजे म्हातारपणी डोकं फिरलं. झोप लागंना मला.”

इतक्या वर्षांत आबांना स्वतःचाच संशय आलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही, हेही पहिल्यांदाच.

“आता न्हेणार हायस का?”

“पट्टी भिंतीवर राहिली आणि औषधाचं खरं सांगितलंत, तर नाही.”

“आन् हीबी कुणी न्हेली तर?”

“तर मी येईन. तिसरी लावू.”

“तू येणार. मला न्हेणार न्हाईस.”

“नाही.”

त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग उठून त्यांनी तांब्याची गुंडाळी गोणीत भरली, तोंड सुतळीनं बांधलं, आणि ती स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवली.

“ही तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तुझ्याशिवाय कुणाचा भरवसा हाय मला?”